फोर्थ आणि फाइव्ह ॲक्सिसवर टॅब ठेवून जॉब कसा धरायचा: मटेरियल घेण्यापासून टॅब तोडण्यापर्यंत

संभाजीनगरच्या औद्योगिक वसाहतीत, वाळूज म्हणा, चिकलठाणा म्हणा, शेंद्रा म्हणा, आता छोट्या शेडमध्ये सुद्धा फोर्थ ॲक्सिस (जॉब म्हणजे बनवायचा भाग गोल फिरवणारी रोटरी) लावलेला एखादा व्हीएमसी (उभ्या स्पिंडलचं, प्रोग्रॅमवर चालणारं मिलिंग मशीन) दिसायलाय, काहींकडं तर अजून एक फिरणारा ॲक्सिस असलेली फाइव्ह ॲक्सिस पण आलीय. मशीन आली, कॅम (टूलचा मार्ग ठरवणारं सॉफ्टवेअर) आलं, पण जॉब धरायचा कसा हा प्रश्न आहे तिथंच आहे. चारी बाजूंनी टूल फिरवायचं म्हणलं की वाईसचा जॉ (शिकंज्याचा जबडा) कुठंतरी आडवा येतोच, क्लॅम्प लावला की टूलला वाट राहत नाही, आणि दहा-पंधरा नगांसाठी वेगळं फिक्स्चर (त्या जॉबपुरतं धरायचं साधन) करत बसलं तर कमाई त्यातच जाते. अशा ठिकाणी टॅब कामाला येतो. ठोकळ्यातूनच जॉब कोरून काढायचा पण दोन-चार ठिकाणी मूळ मटेरियलचाच छोटा दुवा ठेवायचा, कैरी देठाला धरून असते तसा जॉब त्या दुव्यावर राहतो, आणि सगळं मशिनिंग झालं की दुवा तोडायचा.

बहुतेक ठिकाणी होतं काय, की प्रोग्रॅम पूर्ण झाल्यावर शेवटी कुणीतरी विचारतं, "आता टॅब कुठं ठेवू?" तोवर उशीर झालेला असतो. टॅब म्हणजे तुमचा क्लॅम्पच आहे, आणि क्लॅम्प आधी ठरतो, कटिंग नंतर. म्हणून पुढचा सगळा क्रम टॅबपासून सुरू केलाय.

आधी एक हिशोब, मग पुढं

टॅब तुटेल ही भीती सगळ्यांना असते, पण खरा त्रास तो वाकण्याचा आणि थरथरण्याचा आहे. आकडे बघा. एचई-३० टी-६ (ॲल्युमिनियमचा मिश्रधातू) हे मटेरियल कातरायला साधारण २०० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर लागतात. म्हणजे १४ मिमी रुंद आणि फक्त ०.४ मिमी जाड पापुद्रा उरला तरी तो सरळ कातरायला हजार न्यूटनच्या वर, म्हणजे १०० किलोच्या वर जोर लागेल. आणि ६ मिमीच्या एंडमिलने (टोकाने आणि बाजूने कापणारं गोल टूल) ११ मिमी खोलीवर ०.३ मिमी साइड फिनिश कट घेताना सरासरी जोर येतो २० न्यूटनच्या आसपास, दात लागायच्या क्षणी त्याच्या काही पट धरा. तरी टॅब तुटायचं काही कारण नाही. मग जॉब उडतो कसा? टॅब वाकतो, जॉब थोडा बाजूला सरकतो आणि परत येतो, टूल एका दाताला कमी आणि पुढच्या दाताला जास्त मटेरियल खातं, आवाज सुरू होतो, आणि मग एखादा दात एवढा घुसतो की जॉबच ओढला जातो. तुटणं हे शेवटचं, सुरुवात थरथरण्याने होते.

आणि हा ताठपणा लांबीच्या आणि जाडीच्या घनाने बदलतो. १२ मिमी लांब टॅब हा ७ मिमी लांब टॅबपेक्षा वाकायला साधारण पाचपट नरम, बाकी सगळं सारखं असताना. जाडी २ ची ३ मिमी केली तर टॅब जवळजवळ साडेतीन पट ताठ. म्हणून टॅबची संख्या वाढवण्याआधी टॅब आखूड करा. लोक बरोबर उलटं करतात, लांबलचक बारीक असे सहा-सहा टॅब ठेवतात आणि वर म्हणतात चॅटरिंग (थरथर) का येतंय.

फोर्थ ॲक्सिसवर अजून एक गोष्ट आहे, पीळ. जॉब दोन टोकांना टॅबवर आहे आणि टूल वरून एका कडेला दाबतंय, तेव्हा टॅब वाकण्यापेक्षा पिळतो जास्त. इथं पातळ रुंद पट्टी कामाची नाही. तेवढ्याच क्षेत्रफळाचा चौकोनी टॅब हा चारास एक मापाच्या पट्टीपेक्षा पिळायला दुप्पट ताठ असतो. टोकाचा टॅब शक्य तितका चौकोनाकडं ठेवायचा.

मटेरियल

प्लेट घेत असाल तर टी-६५१ मागा, नुसती टी-६ नको. त्या ५१ चा अर्थ असा की मिलमध्येच प्लेट ओढून आतला ताण कमी केलेला आहे. नुसत्या टी-६ मध्ये ताण तसाच असतो, आणि एका बाजूने मटेरियल काढलं की जॉब केळीसारखा वळतो. टॅबवर असेपर्यंत कळत नाही, टॅब तोडला की वळतो, आणि तेव्हा हातात करण्यासारखं काही नसतं. टेंपर (टी-६, टी-६५१ ही मटेरियलची अवस्था) माहीत नसलेला कटपीस टॅबच्या कामाला नकोच, तो पॅकिंगला वापरा.

स्टॉकचा (कच्च्या ठोकळ्याचा) साइज काढताना टॅबची लांबी, धरायची लांबी आणि टूल फिरायची जागा आधीच मोजा. आपण एक उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत तेच चालवू: ॲल्युमिनियमचा लिव्हर, ११० लांब, ३६ रुंद, २२ जाड, चारी बाजूंना होल आणि पॉकेट. स्टॉक ५० × ३२ चा बार. लांबी अशी: चकमध्ये (रोटरीवर बार धरणाऱ्या पकडीत) ३० मिमी, चकपासून टूलला मोकळी जागा १२, टॅब ८, जॉब ११०, परत टॅब ८, आणि टेलस्टॉकच्या (दुसऱ्या टोकाला आधार देणाऱ्या भागाच्या) बाजूला १२. एकूण १८०. बार चौकोनी नाही म्हणून फोर जॉ चक घ्या, डायल (सुईवर हालचाल दाखवणारं मोजमापक) लावून सेंटरला आणा, आणि टेल बाजूला सेंटर ड्रिल मारून घ्या.

टॅब कुठं ठेवायचा

ड्रॉइंग समोर घेऊन आधी लाल पेनाने नको त्या जागा खोडा. बेअरिंगचा बोअर, ओ-रिंगची किंवा गॅसकेटची बसण्याची जागा, डेटम फेस (जिथून मापं घेतात तो), आणि ज्या फेसवर कस्टमरला खूण चालत नाही तो फेस. राहिलेल्यातून सपाट जागा निवडा जिथं कानस सरळ चालते. आतल्या रेडियसमध्ये टॅब ठेवला की साफ करताना जीव जातो आणि रेडियसचं रूप बिघडतं. टॅब पातळ भिंतीला जोडू नका, जिथं जॉबचं अंग भरीव आहे तिथं जोडा, नाहीतर टॅब ताठ राहील आणि भिंतच हलेल. दोनच टॅब असतील तर त्यांना जोडणारी रेघ जॉबच्या वजनाच्या मध्यातून जाईल असं बघा. प्लेटच्या चौकटीत तीन-चार टॅब असतील तर ते एका ओळीत नको, त्रिकोण किंवा चौकोन होऊ द्या.

आपल्या लिव्हरला दोन्ही टोकांचे फेस मोकळे आहेत, तिथं काही बसत नाही, म्हणून टॅब तिथं. चक बाजूला १४ रुंद × १० जाड, टेल बाजूला १२ × ८. चक बाजूचा मोठा, कारण फिरवणारा आणि पीळ घेणारा तोच आहे.

लांबी ८ च का?

टॅबची लांबी म्हणजे जॉब आणि बाकीचा स्टॉक यांच्यातली खाच, आणि त्या खाचेत टूल उतरायला पाहिजे. ६ च्या एंडमिलला ७ मध्ये उतरता येतं पण चिप बाहेर यायला वाट राहत नाही, तीच चिप परत कापली जाते, ॲल्युमिनियम दाताला चिकटतं. आणि आपल्याकडं बोअरच्या जड पाण्यात कूलंट मिसळलेलं असतं, ते लवकर फाटतं, मग चिकटणं अजून वाढतं. म्हणून टूलच्या व्यासापेक्षा सव्वा ते दीड पट खाच ठेवा, त्याहून जास्त नको, आणि कूलंटचा नोझल खाचेकडं वळवा.

मल्टी ॲक्सिसचा मोठा फायदा इथं आहे. टॅब जाडीच्या मध्यावर ठेवायचा आणि खाच ० अंशावरून अर्धी, १८० वरून अर्धी काढायची. आपला स्टॉक ३२, टॅब १० जाड, म्हणजे प्रत्येक बाजूने फक्त ११ मिमी खोल जायचंय. टूलचा बाहेर निघालेला भाग आखूड राहतो, आणि टूलचं वाकणं पण लांबीच्या घनानेच वाढतं हे विसरू नका. टेल बाजूचा टॅब ८ जाड आहे, तिथं १२ खोल.

कॅडमध्येच (कॉम्प्युटरवरच्या मॉडेलमध्येच) टॅब आखा

फ्यूजन या कॅड-कॅम सॉफ्टवेअरच्या टूडी कंटूरमध्ये (कडेने कापायच्या ऑपरेशनमध्ये) टॅबचा ऑप्शन आहे, चौकोनी किंवा त्रिकोणी, रुंदी-उंची टाकली की झालं. शीट किंवा सपाट प्लेटच्या प्रोफाइलला तो चांगला आहे. पण तीन-चार दिशांनी मशिनिंग असेल तर एका ऑपरेशनमध्ये टाकलेला टॅब दुसऱ्या ऑपरेशनला माहीत नसतो, ते त्याला बिनधास्त कापून टाकतं. म्हणून टॅब मॉडेलमध्येच आखा, वेगळी बॉडी म्हणून. ड्रॉइंगच्या मूळ मॉडेलला हात लावू नका, त्याची कॉपी घ्या, त्यात टॅब आणि दोन्ही टोकांचा उरलेला बार जोडा, आणि कॅमला हेच मॉडेल द्या. शॉपमध्ये इंडो-जर्मन टूल रूममधून कॅड-कॅम शिकून आलेला पोरगा असेल तर हे काम त्याच्याकडं द्या, पण टॅबची जागा आणि माप मशीनवर उभं राहणाऱ्याने ठरवावं.

टॅब आखताना स्टॉककडच्या टोकाला चांगला रेडियस द्या, जॉबकडं देऊ नका. तुटायची जागा जॉबच्या जवळ हवी, पण अगदी फेसवर नको: मान (टॅबचा शेवटी बारीक करून तोडायचा भाग) ०.२ मिमी बाहेर ठेवा. तोडताना ॲल्युमिनियम कधी कधी आत ओरबाडून निघतं, फेसवरच मान असेल तर जॉबमध्ये खड्डा पडतो. बाहेर ०.२ राहिलं तर कानसीच्या दहा हातांत निघतं.

प्रत्येक ऑपरेशनला आधीच्या ऑपरेशनचा उरलेला स्टॉक द्या आणि सिम्युलेशन होल्डरसकट चालवा. नुसतं टूल बघितलं तर सगळं छान दिसतं, चकच्या जॉला होल्डर लागतो ते दिसत नाही.

कटिंगचा क्रम

सगळा खेळ इथं आहे, म्हणून जरा सावकाश वाचा.

पहिलं, चारी बाजूंनी रफिंग (जादा मटेरियल काढायचा ढोबळ कट), ०, ९०, १८०, २७०. सगळीकडं फिनिशसाठी ०.६ मिमी ठेवा. आणि टोकाच्या खाचा अजून काढायच्याच नाहीत. रफिंगला जोर जास्त, तेव्हा जॉब पूर्ण ५० × ३२ च्या अंगावर उभा असू द्या. कॅमला सांगितलं नाही तर ते मॉडेलमध्ये खाच दिसते म्हणून रफिंगमध्येच काढून मोकळं होतं, त्यामुळं बाउंड्री देऊन ते थांबवा. प्रत्येक कोनावर रोटरीचा ब्रेक लागलाय का बघा, क्लॅम्पचा एम कोड मशीनच्या मॅन्युअलमध्ये असतो आणि पोस्ट प्रोसेसर (कॅमचं काम मशीनच्या कोडमध्ये बदलणारा भाग) तो टाकतोच असं नाही.

दुसरं, थांबा. टेलस्टॉक सोडा, जॉब मोकळा होऊ द्या, मग हलक्या दाबाने परत लावा आणि दोन्ही टोकांना डायल फिरवून बघा. ताण सुटून बार वळला असेल तर आत्ताच कळेल, आणि ०.६ मध्ये तो खपून जाईल. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये सकाळ आणि दुपार यात सहज १० अंशांचा फरक पडतो, तेवढ्यात ११० मिमीचा ॲल्युमिनियम जॉब ०.०२५ च्या आसपास वाढतो, ३०० मिमीचा असेल तर ०.०७. म्हणून रफिंग झाल्या झाल्या गरम जॉबवर फिनिश घेऊ नका, कूलंट चालू ठेवून जॉब निवू द्या, आणि टाइट माप असेल तर सगळं फिनिशिंग एका बसणीत करा, मध्ये जेवणाची सुट्टी नको.

तिसरं, मधल्या भागाचं फिनिशिंग. पॉकेट, होल, बोअर, टॅपिंग, चारी बाजूंचे फेस. टॅपिंग आणि बोअर नेहमी खाचांच्या आधी, कारण टॅपला लागणारा पीळ टॅबवर गेला की धागा बिघडतो.

चौथं, आता खाचा. ० वरून आणि १८० वरून, मग ९० आणि २७० वरून बाजू, टॅब १४ × १० आणि १२ × ८ पर्यंत आणा आणि टोकाचे फेस फिनिश करा. इथं एक तपासणी करा, मशीन थांबवून, दार उघडून. जॉबच्या मध्यावर डायल लावा आणि अंगठ्याने बऱ्यापैकी जोरात दाबा. सुई ०.०२ च्या आत हलून परत शून्यावर आली तर ठीक. जास्त हलत असेल तर टॅब कमी पडतोय, पुढच्या नगाला जाडी वाढवा, आणि या नगावर राहिलेला कट निम्म्या खोलीने घ्या. दाबून सोडल्यावर सुई शून्यावर आलीच नाही तर टॅबचा दोष नाही, चकमध्ये पकड ढिली आहे.

पाचवं, टेलस्टॉकचा दाब कमी करा. हे लई जण विसरतात. रफिंगला दिलेला दाब तसाच राहिला आणि टॅब बारीक व्हायला लागले की जॉब दोन्हीकडून दाबला जाऊन मधोमध फुगतो किंवा मान एका बाजूला मुडपते. सेंटर नुसतं टेकलेलं पाहिजे.

सहावं, मान बारीक करणं. ३ किंवा ४ मिमीचं टूल, प्रत्येक पासला ०.३ ते ०.५ खोली, एक पास ० वरून, एक १८० वरून, आलटून पालटून, म्हणजे उरलेला पापुद्रा मध्यावर राहतो. आधी टेल बाजू, मग चक बाजू. शेवटी ०.४ मिमी ठेवून थांबा. क्लाइंब कट (दात जाड चिपने सुरू होऊन पातळ चिपवर सुटतो तो) ठेवा, म्हणजे टूल जॉबच्या फेसमध्ये ओढलं जात नाही. यानंतर जॉबला कुठलाच कट नाही, चॅम्फर (कडेचा उतार) राहिलाय म्हणून परत फिरवू नका, तो आधीच घ्यायचा असतो.

मशीनमध्ये पूर्ण कापून जॉब खाली पाडायचा मोह होतो, वेळ वाचतो म्हणून. करू नका. शेवटच्या क्षणी जॉब सुटतो तेव्हा फिरतं टूल शेजारीच असतं, आणि तयार नगावर एक चरा उठला की अख्खी मेहनत वाया.

लाइट गेली तर

आपल्याकडं हे लिहावंच लागतं. मान काढताना लाइट गेली आणि टूल खाचेत अडकून थांबलं, तर लाइट आल्यावर आधी हाताने टूल बाहेर काढा. हेड तिरकं असेल तर टूलच्याच रेषेत मागं घ्या, सरळ झेडने ओढलं तर टूलपण जाईल आणि टॅबपण. मग किती जाडी उरली ते मोजून पुढं जा. यासाठीच प्रत्येक टॅबची मान हे वेगळं ऑपरेशन ठेवा, एकाच लांब प्रोग्रॅममध्ये नको, म्हणजे नेमकं तिथून सुरू करता येतं आणि अर्धवट ब्लॉक शोधत बसावं लागत नाही.

फाइव्ह ॲक्सिसवर काय बदलतं

इथं शक्यतो ठोकळ्याच्या खालच्या बाजूला डोव्हटेल (वाईसमध्ये अडकणारा तिरक्या कडांचा आकार) काढून ३ ते ५ मिमीवर धरतात आणि वरच्या पाच बाजू एका सेटिंगमध्ये करतात. टॅब मग जॉबच्या तळाखाली, खांबासारखे. नियम तेच, आखूड आणि जाड, पण खालून कापायला हेड किंवा टेबल ९० अंशांपर्यंत झुकवून टूल आडवं आत घालावं लागतं, आणि तेव्हा स्पिंडलचं नाक टेबलला किंवा वाईसला लागतं. म्हणून खाली न कापलेला ठोकळा २०-२५ मिमी तरी ठेवा किंवा वाईसखाली रायझर (उंची वाढवणारा ठोकळा) घ्या. मटेरियल जास्त लागतं हे खरं, पण स्पिंडलच्या खर्चापुढं ते काहीच नाही.

टॅबच्या आसपास पाचही ॲक्सिस एकाच वेळी फिरवत कापू नका. कोन लावा, रोटरी लॉक करा, मग कापा. फॅनक कंट्रोलवर जी-६८.२, सीमेन्सवर सायकल-८०० हे कोड यासाठीच आहेत. लॉक केलेला ॲक्सिस मोटरच्या जोरावर धरलेल्या ॲक्सिसपेक्षा नेहमी ताठ.

खांब कापताना आधी जॉबच्या मधले, मग कडेचे, आणि शेवटचे दोन समोरासमोरचे राहू द्या. एका बाजूचे सगळे आधी कापले तर जॉब उरलेल्या बाजूवर झुकतो आणि खाच मिटून टूल चिमटीत सापडतं.

तोडणं आणि साफ करणं

बार सगळा बाहेर काढा, बेंचवर. बार वाईसमध्ये, जॉब हातात कापडाने धरून, वर-खाली हळू हलवा, ॲल्युमिनियम चार-पाच वेळा हलवलं की सुटतं. पिळून तोडू नका, पिळलं की कड फाटते. फेसच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा आणि बारीक सपाट कानसीने ०.२ चा उंचवटा उतरवा, टेपला कानस घासली की थांबा. मग माप घ्या. मशीनवर टॅबसकट घेतलेलं माप आणि सुटल्यावरचं माप दोन्ही लिहून ठेवा, फरक दिसला तर तो ताणाचा आहे आणि पुढच्या लॉटला रफिंगचा अलाउन्स (फिनिशसाठी सोडायचं मटेरियल) वाढवावा लागेल.

स्टीलला हेच चालतं पण पापुद्रा ०.२ ते ०.२५ ठेवा, ईएन-८ (मध्यम कार्बनचं साधं स्टील) हलवून सुटतं. एसएस ३०४ (स्टेनलेस स्टील) ला मात्र हलवून तोडायच्या भानगडीत पडू नका, ते वाकवलं की अजून कडक होतं, तुटत नाही, आणि हात सटकला की जॉब वाकतो. तिथं टॅब १ ते दीड मिमीचा ठेवा, बँडसॉने किंवा हॅक्सॉने कापा, आणि सॉफ्ट जॉमध्ये धरून तो फेस मिलवर साफ करा. डेलरिन-नायलॉनसारख्या प्लॅस्टिकला टॅब धातूपेक्षा बराच जाड ठेवायचा, कारण ते मटेरियल मुळातच नरम, आणि शेवटी धारदार चाकूने कापायचा.

महिन्याला पाचशे नगांची ऑर्डर आली तर हा सगळा प्रकार सोडून द्या आणि फिक्स्चर करा. प्रत्येक नगाला मान काढायचा वेळ, तोडायचा वेळ, कानसीचा वेळ, वर टोकाला वाया जाणारं ६०-७० मिमी मटेरियल, हे वीस नगांना परवडतं, पाचशेला नाही. आणि वीस नग असले तरी सेटिंग शीटवर टॅबचं माप, कुठल्या ऑपरेशननंतर टेलस्टॉकचा दाब कमी करायचा, आणि दार कधी उघडून डायल लावायचा हे मराठीत मोठ्या अक्षरात लिहा, कारण पहिला नग तुम्ही उभं राहून काढता, बाराव्या नगाला रात्रपाळीचा ऑपरेटर एकटा असतो.